स्त्रियांच्या छातीचे दुखणे : कोणते भिण्याजोगे, कोणते नव्हे

(मंडळाच्या महिला शाखेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेत वाचून आपल्यापैकी कित्येकांच्या भुवया वर गेल्या असतील. मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या एका निवृत्त शाळामास्तराने स्त्रियांच्या छातीच्या दुखण्यावर बोलावे, हे मलाही प्रथम विचित्रच वाटले. परंतु कार्यवाहबाईंचे म्हणणे असे पडले की, डॉक्टर एकदा सांगतात आणि निघून जातात. मास्तर तेच तीनदा सांगतो आणि नंतर विचारतोही. ही स्तुती आहे की आणखी काही, याचा निर्णय मी अद्याप करू शकलेलो नाही. असो. मी वैद्य नव्हे. जे सांगणार आहे ते वाचून, टिपून आणि आपल्या ज्ञातीतील दोन डॉक्टर भगिनींकडून तपासून घेतले आहे. त्यांपैकी एक भगिनी समोरच्या रांगेत बसल्या आहेत. कोठे घसरलो तर त्या माझा कान धरावयास मोकळ्या आहेत.

पुरुष मंडळींना एक विनंती आरंभीच करतो. ‘हा बायकांचा विषय’ म्हणून उठून जाऊ नये. आपल्या बहुतेक घरांत दवाखान्यात कधी जावयाचे आणि कोणी न्यावयाचे, हे अजूनही आपणच ठरवितो. शिवाय स्तनाचा कर्करोग क्वचित पुरुषांनाही होतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

आपल्या भाषेत एक सोय आहे, आणि तीच या बाबतीत मोठी गैरसोय ठरते. घरातली बाई ‘छातीत दुखते’ एवढेच म्हणते. त्या एका शब्दाखाली स्तन आला, त्यामागचे स्नायू आले, बरगड्या आल्या, फुप्फुसे, अन्ननलिका आणि हृदय हेही आले. नेमके कोठे, हे ती सांगत नाही, कारण तो शब्द उच्चारण्याचा तिला संकोच वाटतो. आणि ऐकणारा विचारीत नाही, कारण त्यालाही तोच संकोच. मग सासूबाई सुंठ उगाळतात, नवरा सोड्याची बाटली आणतो, आणि दुखणे अंगावर काढले जाते.

संकोच हा केवळ आपल्याच समाजाचा गुण अथवा दोष आहे, असे मात्र कोणी समजू नये. डॉक्टरांच्या गळ्यातील स्टेथोस्कोप हे यंत्र जन्मास आले तेच मुळी संकोचातून. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरापुढे हृदयाच्या विकाराची एक तरुण स्त्री आली. त्या काळी रोग्याच्या छातीला थेट कान लावून ऐकण्याची रीत होती. तरुण बाईच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. त्याने कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर व दुसरे आपल्या कानाशी धरले, आणि आश्चर्य असे की, ठोके पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. पुढे त्याने लाकडी नळी करविली. संकोच होता, परंतु त्याने तपासणी टाळली नाही. तपासणीचा मार्ग शोधून काढला. आपल्याकडेही आनंदीबाई जोशी यांनी वैद्यकशिक्षणासाठी अमेरिकेस जाण्यापूर्वी, १८८३ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे भाषण करून, या देशाला स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे हे सांगितले होते. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. आज स्त्री-डॉक्टर तालुक्याच्या गावीही भेटतात, तेव्हा ती सबब आता फारशी उरलेली नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो. प्रथम स्तनाचे दुखणे घेऊ.

पाळी चालू असलेल्या अनेक स्त्रियांना पाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत स्तन जड होणे, ठणकणे, हात लावू न देणे हा त्रास होतो. तो बहुधा दोन्ही बाजूंस असतो, वरच्या व काखेकडील भागात अधिक असतो, आणि पाळी सुरू झाली की ओसरतो. शरीरातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके महिन्याच्या क्रमाने कमी-अधिक होतात, आणि त्यांच्या चढउताराबरोबर स्तनातील ग्रंथी फुगतात व ओसरतात. हा रोग नव्हे. पुष्कळ मुली मात्र मनात कर्करोगाची शंका धरून रात्र-रात्र जागतात आणि कोणाजवळ बोलत नाहीत. त्यांना माझे सांगणे एवढेच की, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, जिथे आपण दूधवाल्याचा हिशेब मांडतो तिथेच, दुखण्याच्या दिवशी एक बारीक टिंब द्यावे. दोन-तीन महिन्यांत टिंबांची रांग पाळीच्या तारखेशी जुळते की नाही, हे आपोआप दिसेल. जुळली तर निम्मे भय तिथेच गेले. अशा दुखण्याला नीट मापाची, आधार देणारी काचोळी हा पहिला उपाय आहे. आपल्याकडे लग्नाच्या वेळी घेतलेले माप पुढे वीस वर्षे चालते, हे कापडदुकानदारालाही ठाऊक आहे. गर्भनिरोधक गोळ्या किंवा पाळी गेल्यानंतर दिली जाणारी संप्रेरके यांनीही असे दुखू शकते. ती चालू असतील तर डॉक्टरांना अवश्य सांगावे, आपल्या मनाने बंद करू नयेत.

पाळीशी संबंध नसलेले, एकाच बाजूस एकाच ठिकाणी राहणारे दुखणे निराळे. ते चाळिशीच्या सुमारास अधिक आढळते. कधी तेथे पाण्याने भरलेली साधी गाठ असते, कधी काहीच सापडत नाही, आणि कधी दुखणे स्तनाचे नसून त्यामागच्या बरगडीचे निघते. पण ते ठरविणे आपले काम नव्हे. एकदा दाखवून घ्यावे.

बाळंतिणीच्या बाबतीत थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण येथे प्रेमापोटीच पुष्कळ नुकसान होते. मूल जन्मल्यापासून पहिल्या तासात अंगावर घ्यावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. आणि आपल्या कित्येक घरांत पहिले चिकाचे दूध पिळून टाकून मुलाच्या तोंडात मधाचे बोट घालतात. दोन्ही गोष्टी वाईट. मूल ओढीत नाही, दूध साठते, स्तन दगडासारखे होतात, गाठी धरतात. यालाच आपण दूध साकळणे म्हणतो. त्यावर आजीबाई कढत शेक देतात आणि गाठ मोडावी म्हणून जोराने चोळतात. आतल्या नाजूक नळ्या आधीच सुजलेल्या असतात. चोळण्याने सूज वाढते. आताचा सल्ला असा की, गार पाण्याच्या कापडाची घडी ठेवावी, हात हलका ठेवावा आणि मुलाला त्याच्या भुकेप्रमाणे पाजीत राहावे. स्तन लाल झाला, तापला, अंगात थंडी भरून ताप आला, तर तो स्तनदाह होय. त्याही स्थितीत पाजणे बंद करावयाचे नसते. ते दूध मुलाला बाधत नाही. ‘दूध नासले, पाजू नको’ हा सल्ला पुष्कळदा स्तनदाहाचे गळू करून ठेवतो, आणि मग सुईने किंवा चिरा देऊन पू काढावा लागतो. ताप एका दिवसात उतरला नाही तर डॉक्टरांकडे न्यावे. आणि मूल अंगावर पाजीत नसलेल्या स्त्रीचा स्तन असा लाल, सुजलेला झाला आणि औषधाने आठ-पंधरा दिवसांत बरा झाला नाही, तर त्याला साधा दाह समजून बसू नये. कर्करोगाचा एक प्रकार नेमक्या याच वेषात येतो.

कर्करोगाचा शब्द निघालाच आहे, तर आजच्या भाषणातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आता सांगतो, आणि मास्तरांच्या सवयीप्रमाणे पुन्हाही सांगेन. स्तनाचा कर्करोग आरंभी बहुधा दुखत नाही. जे नुसते दुखते, ज्यात गाठ नाही, अन्य काही बदल नाही, ते क्वचितच कर्करोगाचे निघते. उलट जी गाठ दुखत नाही, तिच्याकडे त्वरित पाहिले पाहिजे. आपण नेमके उलट वागतो. दुखते म्हणून भितो, आणि दुखत नाही म्हणून निर्धास्त राहतो.

आमच्या आळीतील एका बाईंची हकीकत त्यांच्या अनुमतीने सांगतो. नाव अर्थातच सांगत नाही. न्हाताना त्यांच्या हाताला सुपारीएवढी गाठ लागली. ती दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असा त्यांनी निर्णय केला आणि चौदा महिने तो कोणाला कळू दिला नाही. मधल्या काळात थोरल्या मुलीचे लग्न ठरले. ‘लग्नघरात कशाला अभद्र’ म्हणून आणखी चार महिने गेले. शेवटी काखेत दुसरी गाठ आली तेव्हा मुलीलाच आधी सांगितले. संपूर्ण स्तन काढावा लागला, दीर्घ उपचार झाले, केस गेले. बाई आज हयात आहेत, मागील दोन रांगांत कोठेतरी बसलेल्याही असतील, पण त्या मला म्हणाल्या, “गुरुजी, ती गाठ नुसती दुखली असती ना, तर मी दुसऱ्याच दिवशी गेले असते.” हे वाक्य ऐकले आणि कार्यवाहबाईंना मी होकार दिला.

गाठीखेरीज दुसरी चिन्हेही लक्षात ठेवावीत. कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत दिसणे, पूर्वी सरळ असलेले बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, बोंडावर खरजेसारखी न भरणारी जखम, काखेत गाठ. यांपैकी काहीही दिसले तर दुखण्याची वाट पाहू नये. मात्र प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. तरुण मुलींमध्ये बोटाखालून सटकणारी, गोटीसारखी गुळगुळीत गाठ आढळते. ती बहुधा निरुपद्रवी असते. पण ‘बहुधा’ आणि ‘निश्चित’ यांमधील अंतर बोटांनी कळत नाही, सोनोग्राफीने व सुईच्या तपासणीने कळते. सुई लावली की रोग अंगभर पसरतो, ही समजूत निराधार आहे. या एका समजुतीपायी किती बाया परत फिरल्या असतील!

हा प्रश्न केवढा मोठा आहे याची कल्पना यावी म्हणून एकच आकडा देतो. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९८ हजारांवर मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेचा अंदाज आहे. भारतीय स्त्रियांत दुसरा कोणताही कर्करोग इतका आढळत नाही. यावर आपल्या मुंबईतच एक मोठे काम झाले आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. अर्ध्या स्त्रियांची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, केवळ हातांनी, अशी चार वेळा केली. मोठे यंत्र नाही, डॉक्टरही नाही. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांत रोग लवकरच्या पायरीवर सापडला, आणि पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आज सरकारी आरोग्य केंद्रांतून तिशीपुढील स्त्रियांची ही हातांची तपासणी विनामूल्य होते, त्याबरोबर रक्तदाब व मधुमेहही पाहतात. आपल्या महिला शाखेने हळदीकुंकवाच्या दिवशी वाणाबरोबर या तपासणीची तारीख वाटली, तर मला ते वाण अधिक मोलाचे वाटेल.

गाठ लहान असताना गेलेल्या बाईचा स्तन पुष्कळदा वाचविता येतो, गाठीपुरताच भाग काढतात. भीतीने उशीर करणारीच्या वाट्याला नेमके तेच येते, ज्याची तिला भीती असते.

आता स्तनामागच्या छातीकडे येऊ. स्नायू व बरगड्यांचे दुखणे फार सामान्य आहे. पाण्याच्या कळशा, गॅसची टाकी, कडेवरचे मूल, वर्षाचे धान्य निवडून भरणे, या सगळ्यांचा ताण तिथेच येतो. त्याला आपण उसण भरली म्हणतो. बोटाने दाबले की नेमके तेथेच दुखते, कुशीवर वळले की चमक निघते. बरगडी छातीच्या मधल्या हाडाला जिथे जुळते तिथली कूर्चाही कधी सुजते. विश्रांतीने व साध्या औषधाने ते जाते. अंगाच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखी आग होऊन दोन-चार दिवसांनी पुरळ उठले तर ती नागीण. लवकर औषध मिळाल्यास त्रास कमी होतो. श्वास घेताना कळ, ताप आणि खोकला असेल तर फुप्फुसाचा विकार समजून तपासणी करावी. दोन आठवड्यांचा खोकला असेल तर थुंकीही तपासून घ्यावी.

जेवणानंतर, आडवे झाल्यावर, आंबट ढेकरांसह घशाकडे चढणारी जळजळ बहुतेक वेळा पित्ताची असते. ‘बहुतेक वेळा’ म्हणतो याचे कारण सांगतो.

माझ्या एका चुलतबहिणीच्या घरी मुलाचे लग्न होते. वरमाय म्हणजे लग्नघराचा खांब. तिला आडवे व्हावयास वेळ कोठून? सीमांतपूजनाच्या संध्याकाळी तिला छातीवर पाटा ठेवल्यासारखे वाटू लागले. जबडा जड झाला, मळमळले, घाम फुटला. जागरणाने पित्त झाले असा सर्वांनी निकाल दिला. कोणी सोडा दिला, कोणी जिऱ्याचे पाणी, कोणी पाठ चोळली. सोड्याने एक ढेकर आली आणि बरे वाटल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी अक्षता पडेपर्यंत ती उभी राहिली आणि दुपारी कोसळली. तो हृदयविकाराचा झटका होता. जीव वाचला, परंतु हृदयाचा जो स्नायू रक्तावाचून मेला तो परत येत नाही. आज तिला जिन्याच्या दहा पायऱ्या चढताना मध्ये थांबावे लागते. तिला मधुमेह होता, वय एकसष्ट होते, आणि त्या घरात पन्नास शिकलेली माणसे होती. त्याच संध्याकाळी तिच्या नवऱ्याला असा घाम फुटला असता तर मोटार दारात आली असती, याविषयी मला शंका नाही.

ही गोष्ट केवळ आपल्याच घरांत घडते असे नाही. अमेरिकेत डॉ. बर्नाडीन हीली या हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी १९९१ साली एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात यावर लिहिले. ज्ञानार्जनासाठी पुरुषाचा वेष घ्यावा लागलेल्या येंटल नावाच्या कथानायिकेचे नाव त्यांनी या स्थितीला दिले. स्त्रीचा हृदयविकार पुरुषासारखा सिद्ध झाला तरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात, असा त्याचा आशय. डॉक्टरांच्याही डोळ्यांपुढे हृदयरोगी म्हणून पुरुषच उभा राहत असे.

झटका येतो तेव्हा स्त्रियांतही छातीत दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे हेच मुख्य लक्षण असते. परंतु पुरुषांपेक्षा त्यांच्यात त्याच्या जोडीला, आणि कधी त्याच्या जागी, धाप लागणे, मळमळ, जबडा, मान किंवा दोन खांद्यांच्या मधली पाठ दुखणे, गार घाम, आणि कारणावाचून आलेला विलक्षण थकवा अधिक आढळतो. म्हणून लक्षण हृदयाचे वाटत नाही, पोटाचे वाटते. मधुमेह असल्यास वेदना अगदी मंद असू शकते. पाळी जाईपर्यंत स्त्रीला या रोगापासून काहीसे संरक्षण असते. पुढे ते ओसरते, आणि मधुमेहाने तर ते आधीच पुष्कळ कमी होते. चढ चढताना छातीत भरून येते आणि थांबले की जाते, असे असेल तर तो इशारा समजावा व त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.

मनाच्या धक्क्याने छातीत दुखते, हे आपल्या बायका पिढ्यान्पिढ्या सांगत आल्या आणि आपण हसलो. १९९० साली जपानी डॉक्टरांनी असा एक विकार वर्णिला. मोठ्या दुःखानंतर किंवा भीतीनंतर हृदयाचा डावा कप्पा एकाएकी दुर्बल होऊन फुगतो. अष्टपाद नावाचा समुद्रातील प्राणी पकडण्याच्या त्यांच्याकडील मडक्यासारखा तो दिसतो, म्हणून त्या मडक्याचेच नाव रोगाला दिले : ताकोत्सुबो. तो बहुतांशी पाळी गेलेल्या स्त्रियांत आढळतो, आणि योग्य देखरेखीत बहुतेक जणी काही आठवड्यांत सुधारतात. तो झटक्याहून निराळा आहे हे घरबसल्या ओळखता येत नाही. म्हणून सुतकाच्या घरातील बाई छाती धरून बसली, तर ‘रडून मोकळी होऊ दे’ म्हणून सोडून देऊ नये.

तेव्हा छातीत दाब आहे, तो काही मिनिटांत जात नाही, घाम किंवा धाप आहे, तर सोड्याने परीक्षा पाहू नये. ढेकर आली म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, बाईला जिना उतरून चालू देऊ नये, आणि जिथे ईसीजी लगेच निघेल अशाच रुग्णालयात न्यावे. ईसीजी एकदा चांगला आला तरी दुखणे चालू असल्यास तो पुन्हा काढावा लागतो, रक्ताचीही तपासणी करतात. तेव्हा पहिला कागद पाहून घाईने घरी परतू नये.

डॉक्टरांपुढे बसल्यावर ‘छातीत दुखते’ एवढ्यावर थांबू नये. बोट ठेवून जागा दाखवावी. केव्हापासून, किती वेळ, पाळीशी संबंध आहे का, जेवणाशी की श्रमाशी, दाबल्यावर वाढते का, कोणती औषधे चालू आहेत, आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कोणाला कर्करोग झाला होता का, हे सांगावे. आणि हे बाईने स्वतः सांगावे. नवऱ्याने दारातूनच ‘काही नाही हो, गॅसेस आहेत’ असे निदान करून देऊ नये.

माझी वेळ संपत आली. पुढील अर्धा तास डॉक्टरबाई भगिनींच्या शंकांना उत्तरे देतील. ज्यांना सर्वांसमोर विचारणे अवघड वाटते त्यांच्यासाठी आतल्या खोलीत सोय केली आहे. चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न लिहून दिला तरी चालेल, कागद व पेन्सिली टेबलावर ठेवल्या आहेत. पुरुष मंडळींनी माझ्याबरोबर बाहेरच्या पडवीत यावे. चहा तयार आहे.